आधी रूळ, मग गाडी

1891 च्या वसंत ऋतूत लाइपझिगच्या व्यापारी प्रदर्शनात गोपिंगेन नावाच्या लहानशा जर्मन गावातल्या दोन भावांनी एक खेळणे मांडले. पत्र्याचे इंजिन, मागे पत्र्याचे डबे, पोटात चावीची स्प्रिंग. अशी इंजिने तोपर्यंत बाजारात पुष्कळ आली होती. ती जमिनीवर सोडायची, आणि थोडे धावून ती पलंगाखाली जाऊन अडकायची. काही उत्पादकांनी त्यांना गोल रूळही दिले होते, पण इंजिन बिघडले की त्या रुळांसकट सगळा खेळ अडगळीत जायचा. ऑयगेन आणि कार्ल मेर्कलिन यांची गाडी इंग्रजी आठाच्या आकड्यावरून धावत होती. रूळ तुकड्यातुकड्यांनी जोडलेला होता. सरळ तुकडा, वळणाचा तुकडा, सांधा, जिथे रूळ एकमेकांना छेदतात तो फुलीचा तुकडा, सगळे सुटे आणि सगळे एकमेकांत बसणारे. रुळांमधल्या अंतराला त्यांनी ठराविक मापे ठरवली आणि त्या मापांना क्रमांक दिले. आज घेतलेल्या डब्याला पुढच्या नाताळात घेतलेले इंजिन जोडता येईल, याची ती हमी होती.

मेर्कलिन कंपनीचा पुढचा सव्वाशे वर्षांचा धंदा या हमीवर उभा राहिला. इंजिनांची वर्णने पुष्कळ होतात, कौतुकही इंजिनाचेच होते; पण माझ्या मते या कंपनीने जगाला विकला तो रूळ.

ही कल्पना त्यांना सुचली याला घरचे कारण होते. कंपनीची सुरुवात भातुकलीतून झाली. वडील टेओडोर फ्रीड्रिश विल्हेल्म मेर्कलिन हे पत्र्याची भांडी घडवणारे कारागीर. 1859 साली त्यांनी बाहुल्यांच्या स्वयंपाकघरासाठी पत्र्याच्या चुली, पातेली, किटल्या बनवायला घेतल्या. सात वर्षांतच, 1866 मध्ये, ते वारले. मागे राहिल्या कारोलिनेबाई आणि लहान मुले. नवरा हयात असतानाच बाई मालाचे नमुने घेऊन दक्षिण जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये गावोगाव फिरत, दुकानदारांकडून मागणी नोंदवत. त्या काळात एकटी बाई धंद्यासाठी प्रवास करते हीच बातमी होती. नवऱ्यामागे वीसेक वर्षे त्यांनी कारखाना तगवून धरला. भरभराट झाली नाही, पण बंदही पडला नाही. 1888 मध्ये मुलांनी तो हाती घेतला आणि 1891 मध्ये एल्वांगेनची लुट्स नावाची कसबी पण डबघाईला आलेली खेळण्यांची कंपनी विकत घेतली. गाड्या बनवण्याचे कसब बरेचसे तिथून आले.

भातुकली विकणाऱ्याला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. चूल एकदाच घेतली जाते, पण तिच्यावरची भांडी दर वाढदिवसाला एकेक करून वाढतात. मेर्कलिन बंधूंनी हा हिशेब रेल्वेला लावला. मुलाकडे इंजिन आहे? मग त्याला सांधा द्या. सांधा आला की दुसरी लाइन हवी, दुसरी लाइन आली की सिग्नल हवा, मग स्टेशन, मग बोगदा. नाताळची भेट काय द्यावी, हा काका-मामांचा प्रश्न कायमचा सुटला. पुढे तर या धंद्याभोवती दुसरे धंदे उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्लॅक फॉरेस्टमध्ये फालर बंधूंनी सुरू केलेली कंपनी या गाड्यांसाठी मुख्यतः घरे आणि स्टेशने करते. प्रायझर ही कंपनी मुख्यतः माणसे करते, बोटाच्या पेराएवढी. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे, तोफा, हळीव पेरून केलेले शेत असा संसार दरवर्षी वाढत जातो, तसाच हा संसार. फरक एवढाच की तिथला किल्ला तुळशीच्या लग्नानंतर मोडत नाहीत.

सुरुवातीच्या गाड्या चांगल्या दांडग्या होत्या. एक क्रमांकाच्या मापात दोन रुळांत 45 मिलिमीटर अंतर, त्याहून मोठी मापेही होती. पुढे लहान घरांसाठी शून्य क्रमांकाचे माप आले, 32 मिलिमीटरचे. काही इंजिने चावीची, काही खरीखुरी वाफेची, स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून चालणारी. वीज आली तेव्हा तर घरातल्या मुख्य वाहिनीची वीज मध्ये एक दिवा घालून थेट रुळांत सोडायची पद्धत होती. मुलाने रुळाला हात लावला तर काय, हा विचार आज अंगावर काटा आणतो. 1926 मध्ये मेर्कलिनने 20 व्होल्टची पद्धत आणली तेव्हा कुठे आयांच्या जिवात जीव आला असेल.

खरे वळण आले 1935 मध्ये. त्या वर्षी लाइपझिगलाच दोन कंपन्यांनी जेवणाच्या टेबलावर मावेल अशी रेल्वे मांडली, 16.5 मिलिमीटर मापाची. एक मेर्कलिन, दुसरी न्यूरेंबर्गची ट्रिक्स. ट्रिक्सची रचना हुशारीची होती. तिच्या रुळावर दोन गाड्या एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत. तिचे मालक श्टेफान बिंग ज्यू होते. नाझी राजवटीत 1938 मध्ये त्यांना कंपनी विकून इंग्लंड गाठावे लागले. स्पर्धा गुणवत्तेवर ठरली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पुढे 1997 मध्ये ट्रिक्स मेर्कलिननेच विकत घेतली.

या छोट्या मापाला आज एच-शून्य म्हणतात आणि जगातल्या छंदिष्टांपैकी बहुसंख्य लोक तेच वापरतात. प्रमाण 1:87. इथे थोडे गणित करायला हरकत नाही, कारण या धंद्यातली खरी कारागिरी गणित कुठे पाळायचे आणि कुठे मोडायचे यात आहे. युरोपातल्या खऱ्या रुळांमधले अंतर 1435 मिलिमीटर. त्याला 87 ने भागले की 16.5. इथपर्यंत सगळे सरळ. आता जर्मन एक्स्प्रेसचा 26.4 मीटरचा डबा घ्या. 87 ने भागला तर 30 सेंटिमीटरहून थोडा मोठा भरतो. पण मेर्कलिनचे नेहमीचे वळण 36 सेंटिमीटर त्रिज्येचे. मुलाच्या खोलीत त्याहून मोठे वर्तुळ मावत नाही. खऱ्या जगात मोजले तर ती त्रिज्या जेमतेम 31 मीटर होते. एवढ्या वळणावर खरी एक्स्प्रेस पहिल्याच डब्याला रुळांवरून उतरेल. म्हणून मेर्कलिनने कित्येक वर्षे डबे मुद्दाम आखूड केले, 24 सेंटिमीटरचे, नंतर 27 चे. उंची-रुंदी प्रमाणात आणि लांबी मात्र कापलेली. शुद्धतावादी लोक यावर अजूनही नाक मुरडतात. चाकाची आतली कड प्रमाणापेक्षा खोल, कारण मुले गाडी जोरात सोडणार. आणि वजन तर पूर्ण उलटे. शंभर टनी इंजिनाचे वजन लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांनी 87 पट कमी केले तर उरते फक्त दीडशे ग्रॅम. तेवढ्या वजनाचे इंजिन चार डबेही नीट ओढणार नाही, चाके नुसती जागच्या जागी फिरतील. म्हणून जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव अंग, आणि वजन त्याच्या दुप्पट-तिप्पट. मेर्कलिनचे इंजिन हातात घेतले की आधी तो भार जाणवतो. प्लॅस्टिकच्या गाड्यांची सवय असलेला माणूस क्षणभर दचकतोच.

आता रुळाच्या आत काय आहे ते जवळून पाहू, कारण मेर्कलिनचे भाग्य आणि हट्ट दोन्ही तिथे दडले आहेत. बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत डाव्या रुळातून वीज येते आणि उजव्या रुळातून परत जाते. दिसायला छान, खऱ्यासारखे. अडचण येते ती वळसा घालून परतताना. गाडी फिरून त्याच लाइनीवर उलटी आली की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते. ते टाळायला वेगळे तुकडे, वेगळे स्विच, वेगळी डोकेदुखी. मेर्कलिनने दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे ठेवले आणि दुसरा ध्रुव मध्ये आणला. आधी मध्ये तिसरा रूळच होता. 1950 च्या दशकात त्याच्या जागी प्रत्येक स्लीपरवर डोके काढणारी बारीक टिकली आली. इंजिनाच्या पोटाखाली स्प्रिंगवर दाबलेली एक लांब पट्टी या टिकल्यांवरून घासत जाते. पट्टी इतकी लांब की एक टिकली सुटण्याआधी पुढची लागलेली असते. वळसा घाला, त्रिकोण करा, आठ काढा, काहीही करा. दोन रूळ एकमेकांना कुठेही भिडले तरी बिघडत नाही. आठ वर्षांच्या मुलाला विजेचे शास्त्र न शिकवता हवी तशी लाइन टाकू देणारी ही युक्ती मला या कंपनीच्या कुठल्याही सुंदर इंजिनापेक्षा मोठी वाटते.

दिशा बदलण्याची तऱ्हा मात्र गमतीची होती. मेर्कलिनची वीज ए.सी., त्यामुळे नुसते प्लस-मायनस उलटे करून गाडी मागे जात नसे. चालवायला 16 व्होल्टपर्यंत वीज. दिशा बदलायची तर बटण शून्याच्याही मागे फिरवून 24 व्होल्टचा एक झटका द्यायचा. त्या झटक्याने इंजिनातला बारीक रिले खट्कन पालटायचा. रिलेची स्प्रिंग नीट लावलेली नसेल, तर पालटण्याआधी इंजिन बेडकासारखी एक उडी मारायचे. लहानपणी ही गाडी खेळलेली जर्मन माणसे आता आजोबा झाली आहेत, पण त्या उडीबद्दल बोलताना त्यांच्या तक्रारीत लाडच जास्त असतो.

महायुद्धानंतर बाकी जग दोन रुळांच्या डी.सी. पद्धतीकडे गेले. इंग्लंडच्या हॉर्नबीनेही अखेर तिसरा रूळ सोडला. मेर्कलिन ढळली नाही. परिणाम असा की मेर्कलिनचे इंजिन दुसऱ्यांच्या रुळावर चालत नाही आणि दुसऱ्यांचे मेर्कलिनच्या. एकदा या घरात पाऊल टाकले की गिऱ्हाईक जन्माचे बांधले गेले. याला निष्ठा म्हणायचे की कैद, हे ज्याने त्याने आपापल्या कपाटातल्या इंजिनांची किंमत मोजून ठरवावे.

मेर्कलिनचे सर्वांत लाडके इंजिन म्हणजे ‘क्रोकोडिल’ (मगर), स्विस रेल्वेचे हिरवे-तपकिरी विद्युत इंजिन. गोटहार्डच्या घाटात मालगाड्या ओढण्यासाठी ते 1919 पासून विंटरथूरच्या कारखान्यात बनू लागले. मध्ये केबिन, पुढेमागे दोन लांब नाके, आणि वळणावर ही नाके केबिनपासून वेगळी वळतात. मेर्कलिनने त्याची मोठ्या मापातली प्रतिकृती 1930 च्या दशकात आणि टेबलावरची 1947 मध्ये काढली. मराठी वाचकाला या इंजिनाची ओळख करून द्यायची गरज पडू नये, कारण त्याचा सख्खा भाऊ बोरघाटात राबला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई-पुणे मार्गाच्या विद्युतीकरणासाठी 1928 च्या सुमारास आणलेली मालगाडीची इंजिने याच विंटरथूरच्या कारखान्याच्या आराखड्याची. पहिली काही तिथेच बनली, बाकीची इंग्लंडमध्ये. तशीच लांब नाके, तसेच तीन तुकड्यांचे अंग, चाकांना जोडणाऱ्या तशाच दांड्या. रेल्वेतली माणसे त्याला ‘खेकडा’ म्हणत. त्यातले एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आणि एक मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभे आहे. स्विस मगरीच्या प्रतिकृतीला जगभर मागणी. आपल्या खेकड्याला ते भाग्य लाभले नाही.

लहान करण्याची हौस 1972 मध्ये टोकाला गेली. मेर्कलिनने 1:220 प्रमाणाची ‘मिनी-क्लब’ गाडी बाजारात आणली. दोन रुळांत 6.5 मिलिमीटर अंतर, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी, आणि तरी विजेवर चालणारी. एवढ्या लहान इंजिनात मध्ये घासणारी पट्टी बसवणे शक्य नव्हते, म्हणून इथे मेर्कलिननेही दोन रुळांची डी.सी. पद्धत मुकाट्याने स्वीकारली. ब्रीफकेसमध्ये अख्खा डोंगर, गाव आणि वळसा मावू लागला. अशा खेळण्याची मोटर टिकणार किती, अशी शंका घेणाऱ्यांना उत्तर 1978 मध्ये मिळाले. साधे, कारखान्यातून निघालेले इंजिन सहा डबे घेऊन 1219 तास न थांबता धावले आणि 720 किलोमीटर अंतर कापून मगच त्याच्या मोटरने मान टाकली. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. तासाला सरासरी 600 मीटरही नाही, मुंगीची चाल वाटते; पण 220 ने गुणले तर खऱ्या गाडीचा ताशी 130 किलोमीटर वेग होतो.

1980 च्या दशकाच्या मध्यावर मेर्कलिनने डिजिटल नियंत्रण आणले. तोपर्यंत रुळात जेवढे व्होल्ट तेवढा वेग, आणि तो रुळावरच्या प्रत्येक इंजिनाला सारखाच. आता रुळात कायम सारखाच दाब, त्यावर स्वार झालेले संदेश, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात आपला पत्ता ओळखणारी एक चिप. पहिल्या पद्धतीत असे 80 पत्ते होते. क्रमांक 24, पुढे चल. क्रमांक 7, दिवे लाव. मुलांच्या खोलीतली रेल्वे एकदम ट्रॅफिक कंट्रोलरची झाली.

आणि नेमके तिथेच दुखणे सुरू झाले असे मला वाटते. दिवे, धूर, आवाज, ब्रेकचा किंचाळा, चिप, भिंगातून वाचता येतील एवढी बारीक अक्षरे, हे सगळे मुलाला नको होते. चाळिशी ओलांडलेल्या बाबांना हवे होते. इंजिनाची किंमत शेकडो युरोंत गेली. 1993 मध्ये कंपनीने सभासदांचा क्लब काढला, फक्त सभासदांसाठी खास इंजिने काढली. संग्राहक खूश झाले. पण संग्राहक इंजिन काचेच्या कपाटात ठेवतो. त्याला ना सांधा लागतो, ना बोगदा. या इंजिनांचे मोल कुठवर गेले होते याचा पुरावा चोरांनी दिला. जानेवारी 2005 मध्ये गोपिंगेनच्या संग्रहालयातून सुमारे दहा लाख युरो किमतीचे जुने नमुने चोरीला गेले. चोरांना काय उचलायचे हे पक्के माहीत होते. थोड्याच महिन्यांत बहुतेक माल परत मिळाला.

2006 मध्ये मालक कुटुंबांनी कंपनी एका गुंतवणूक कंपनीला विकली. नव्या मालकांच्या कारकिर्दीत सल्लागारांच्या फीवरच कोट्यवधी युरो गेले, हे नंतर उघड झाले. न्यूरेंबर्गचे खेळण्यांचे प्रदर्शन तोंडावर आले असताना, 4 फेब्रुवारी 2009 रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ते स्थापनेचे दीडशेवे वर्ष होते. मधल्या काळात बागेतली मोठी रेल्वे बनवणारी एलजीबी ही बुडालेली कंपनीही 2007 मध्ये विकत घेऊन झाली होती. न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाने खर्च कापले, कंपनी सावरली, आणि 2013 मध्ये फ्युर्थच्या सिंबा-डिकी या खेळण्यांच्या समूहाच्या झीबर कुटुंबाने ती घेतली. त्यांनी केलेली एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते. महागडी इंजिने चालू ठेवलीच, पण बॅटरीवर चालणारी, चुंबकाने डबे जोडणारी, तीन वर्षांच्या मुलाच्या हातात देता येईल अशी स्वस्त गाडीही पुढे रेटली. गिऱ्हाईक तयार करायचे तर ते जमिनीवर बसलेलेच पकडावे लागते, हे खेळण्यांच्या व्यापाऱ्याला कळते. गुंतवणूकदाराला कळले नव्हते.

मोठ्यांचा हा छंद ओशाळण्यासारखा राहिलेला नाही. गायक रॉड स्टुअर्ट यांनी 1:87 प्रमाणात 1940 च्या दशकातले अमेरिकन शहर उभारायला वीसहून अधिक वर्षे दिली आणि 2019 मध्ये ते जगाला दाखवले. बव्हेरियाचे माजी मुख्यमंत्री होर्स्ट झेहोफर यांच्या तळघरातल्या रेल्वेत अँगेला मर्केल यांचीही छोटी प्रतिमा उभी आहे. हँबर्गचे ‘मिनियातुर वुंडरलँड’ हे छोट्या रेल्वेचे प्रदर्शन 2001 मध्ये उघडले, आणि ते पाहायला जगभरातून रांगा लागतात.

आपल्याकडे हौस आहे, रूळ नाही. भारतातल्या ब्रॉडगेजचे अंतर 1676 मिलिमीटर. त्याला 87 ने भागले तर 19.26 येतात, म्हणजे 16.5 च्या रुळावर ठेवलेली डेक्कन क्वीन खालून जरा चोरट्या अंगाचीच दिसणार. नेरळ-माथेरानचे 610 मिलिमीटर मात्र 7 भरतात, आणि मिनी-क्लबचा 6.5 चा रूळ त्याच्या अगदी जवळ बसतो. एच-शून्य मापात माथेरानची गाडी करू पाहणाऱ्या हौशी माणसाने हे टिपून ठेवावे. आणि ही दुनिया चालती पाहायची असेल तर जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे.

परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाकडून जुने मेर्कलिन इंजिन हाती आलेच, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. युद्धापूर्वीचे असेल तर ओतीव अंगावर केसासारख्या चिरा आहेत का ते तपासा. त्या काळच्या जस्तात शिसे मिसळून राहिले असेल तर धातू आतून फुगतो, आणि एक दिवस बिस्किटासारखा चुरा होतो. पोटाखालची पट्टी घासून खाच पडली आहे का ते बघा. ती बदलता येते. दुसऱ्या कंपनीच्या दोन रुळांच्या लाइनीवर ते चुकूनही ठेवू नका, चाकांमधूनच शॉर्ट होईल. आणि पुठ्ठ्याचा खोका कितीही फाटका असला तरी फेकू नका. खोक्यासकट आणि खोक्याशिवाय यांच्या किमतीत मोठा फरक पडतो.